पंगत उठेपर्यंत

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, पोटच्या पोरीलाही नाही. आज तुम्हाला का सांगतेय — ते मलाच ठाऊक नाही.

आमचं घराणं निजामाच्या काळचं जहागीरदार. गाव आखाडा बाळापूरच्या जवळ. जहागीर कधीच गेली होती, तरी नव्वदनंतरही लोक माझ्या वडलांना, आबासाहेबांना, सरकारच म्हणायचे. घरात रिवाज तेच. बायकांनी पडद्याच्या जीपशिवाय बाहेर पडायचं नाही. कासार बांगड्या भरायला आला तरी मध्ये पडदा — हात तेवढा बाहेर. आबासाहेब हात धुवेपर्यंत कुणी ताटावरून उठायचं नाही, वाढणारीनं पंगत सोडायची नाही. आणि अरे-तुरे कुणालाच नाही. लेकरांनासुद्धा 'तुम्ही'.

वहिनीसाहेब औरंगाबादच्या, कॉलेज शिकलेल्या. माझी एकुलती एक मैत्रीण. मला कळमनुरीचा बाजार बघायचा होता. किती दिवस मी त्यांच्या मागं लागले होते! शेवटी एका दुपारी शेतीचा हिशेब बघणाऱ्या कारभाऱ्यांची लुना काढून त्या मला घेऊन गेल्या. मी कासारासमोर बसले, हात पुढं केला, डोक्यावरचा पदर पडला — आणि तो काहीतरी बोलला तशी मी मोठ्यानं हसले. मी. वहिनीसाहेब पाठीमागं, आपला पदर धरून उभ्या होत्या.

पण बाजारातल्या लोकांनी लुनेवरून ओळखलं. माणसं उठून मुजरे करायला लागली. आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

पंगत बसत होती. माझ्या हातात तुपाचं भांडं. दादासाहेबांनी, माझ्या भावानं, विचारलं, "आक्का, खरं बोला. कुणी नेलं?"

"वहिनीसाहेबांनी."

एवढ्यावर थांबले असते तर? पण मी घाबरले होते — न्हाई, घाबरणं वेगळं. मी स्वतः सुटायला बघत होते. कुणी विचारलं नसताना पुढं म्हणाले, "पदर पडला त्यांचा. कासारासंगं हसत होत्या."

वहिनीसाहेब दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

दादासाहेबांनी खुंटीवरचा घोड्याचा चाबूक काढला आणि त्यांना आतल्या खोलीत नेलं. दार लागलं. मग चाबकाच्या वादीचा आवाज. मारतानाही ते 'अहो'च म्हणत होते, काय सांगू तुम्हाला! "अहो, परत जाल? बोला, जाल तुम्ही?" किंकाळी आली, पितळी समई पडली, भिंतीवर काहीतरी जोरात आदळलं. मी भांडं घेऊन उभी.

आबासाहेब ताटातून मान वर न करता म्हणाले, "काहून थांबलात? वाढा."

मी वाढलं. सगळी पंगत जेवत होती. आत वादीचा आवाज थांबला आणि लाकडाचा सुरू झाला — चाबकाची मूठ. दार माझ्यापासून हातभर. पंगत सोडायची नाही हा रिवाज मला त्या वेळी किती बरा वाटला, हे कुणाला कळणार?

दादासाहेब बाहेर आले. मनगटापर्यंत रक्त. हात धुतले, पाटावर बसले. मी त्यांच्या भातावर तूप सोडलं.

आबासाहेबांनी हात धुतल्यावर मी आत गेले. वहिनीसाहेबांच्या डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्ताचं डबकं होतं.

नांदेडच्या दवाखान्यात सोबत मला पाठवलं. डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? वहिनीसाहेब शुद्धीवर होत्या, ऐकत होत्या.

"घोड्यानं लाथ मारली," मी म्हणाले.

डोळा गेला. पुढं माझ्या लग्नात आबासाहेबांनी ठरवलं, पाहुण्यांसमोर वहिनीसाहेबांनी यायचं नाही. मी एक शब्द बोलले असते तर आल्या असत्या. बोलले नाही. त्यांनी त्या दिवसाचा विषय माझ्याजवळ कधीच काढला नाही.

काही वर्षांनी त्या काविळीनं गेल्या. दहाव्याला दादासाहेब माझ्याशेजारी बसले होते, आता थकलेले. म्हणाले, "आक्का, तुम्ही सांगितलं म्हणून घराण्याची अब्रू राहिली तेव्हा."

मी "व्हय" म्हणाले.