खोलीची उंची दाखवणारा माणूस

“श्वास रोखून धर. पट्टी हलते का कधी?”

साहेब असं म्हणाले आणि त्यांची कॉलेजातली पोरं हसली. मीही हसलो. आमच्याच खोलीत, भिंतीला पाठ लावून, एक हात वर करून मोजपट्टीसारखा मी उभा. साहेबांच्या डोळ्याला कॅमेरा. पोरांच्या पायांत बूट. वहिनीने सकाळी पुसलेल्या लादीवर बूट. वहिनी बाहेर गॅलरीत, कारण “खोली रिकामी हवी” असं साहेबांनी सांगितलेलं. स्टोव्हवर तिचा भात अर्धा कच्चा.

परळची ती खोली दादाची. दादा गिरणीत. मी चौथीतून शाळा सुटलेला, साताऱ्याकडून त्याच्या आसऱ्याला आलेला. इमारती बांधायचं शिकवणाऱ्या एका कॉलेजात साहेबांनी मला शिपाई म्हणून घेतलं. वर्गातले फळे पुसायचे, नकाशांच्या निळ्या प्रती काढायच्या. साहेब गिरगावातले, फणसवाडीतले. त्यांनी जात विचारली. मी सांगितली. तरी ठेवलं. मला ते केवढं वाटलं! आई गावाहून पोस्टकार्डात लिहवून घ्यायची, “साहेबांना माझा नमस्कार सांग.” ही नोकरी गेली तर, ही भीती मला जेवतानाही असायची.

साहेबांचं म्हणणं असं की इमारत पुस्तकातून शिकवू नये. पोरांना राहत्या खोलीत न्यावं, मापं घ्यायला लावावीत. कसं शिकवावं यावरच ते एका इंग्रजी मासिकात लेख लिहीत. विलायतेतही वाचतात म्हणे. या लेखासाठी त्यांनी आमची खोली घेतली.

टेप धरलेल्या एका पोराने विचारलं, “देव्हारा कुठाय? नकाशात दाखवावा लागतो.”

“काढला,” वहिनी गॅलरीतून म्हणाली. आम्ही नुकतीच दीक्षा घेतली होती. “तसबीर हाय बुद्धाची. ती दाखवा.”

पोराने साहेबांकडे बघितलं.

“राहू दे,” साहेब म्हणाले. “भिंत कोरी दाखव.”

लेख छापून आला. साहेबांनी एक अंक मला दिला. “घे. तुझा फोटो आलाय.” छातीशी धरून घरी आणला. वहिनीने माझ्या हातावर साखर ठेवली. शेजारचे जाधव गोदीत कारकून, त्यांना इंग्रजी यायचं. त्यांच्यापुढे अंक उघडला. ते वाचता वाचता थांबले.

“काय लिवलंय?” दादाने विचारलं.

“खोलीची उंची कळावी म्हणून उभा केलेला माणूस.”

“आन् नाव?”

“साहेबांचं हाय. पोरांची हायेत. ह्याचं नाय.” जाधवांचं बोट नकाशावर सरकत गेलं. “पिंप. पेटी. स्टोव्ह. माणूस. बास.”

तोंडातली साखर गिळवेना. तरी मीच म्हणालो, “असू दे. साहेबांचे उपकार हायेत.”

पुढच्या लेखासाठी साहेबांनी मला टेबलापाशी बोलावलं. “या वेळी मोरी घ्यायचीय. बाई आत बसल्याशिवाय मोरीची अडचण पोरांना कळत नाही. तुझ्या वहिनीला बसव. अंगावर लुगडं असू दे, त्यात काही वावगं नाही. शनिवारी येतो.”

माझ्या तोंडून आलं, “होय साहेब.”

त्याच आठवड्यात मोर्चा होता. दादा, जाधव, मी, लालबागहून निघालो. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. घसे बसले. गिरगावात एका गॅलरीत साहेब दिसले. मूठ वर करून तेच ओरडत होते. माझा ऊर भरून आला. आमचे साहेब!

त्याच भरात घरी येऊन मी वहिनीला मोरीचं सांगितलं.

ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. भाकरी तव्यावर टाकली आणि मग बोलली.

“भावजी, रस्त्यावर आख्खी मुंबई मागता. आन् मोरीएवढी जागा तुमच्याच्यानं माझ्यासाठी राखवत नाय?”

भाकरी करपली. कुणी उलटली नाही.

शनिवारी साहेब आले. मागे पोरं, टेप, कॅमेरा. मी दारात उभा. गॅलरीत शेजारीपाजारी बाहेर आलेले.

“हो बाजूला.”

“नाही साहेब.”

“काय?”

“वहिनी बसणार नाही. आणि आत कुणी येणार नाही.”

“तुला कामावर कुणी ठेवलं? विसरलास? हल म्हणतो ना!”

“पट्टी हलत नाही, साहेब. तुम्हीच म्हणालात.”

या वेळी कुणी हसलं नाही. एक पोरगा गुपचूप टेप गुंडाळू लागला. साहेबांचा चेहरा लाल. “तुम्हा लोकांना वर काढायला जावं तर...” पुढचं त्यांनी गिळलं. मग चढ्या आवाजात, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं: “सोमवारपासून येऊ नकोस.”

“बरं,” मी म्हणालो.

ते जिना उतरून गेले तेव्हा मी दाराची चौकट धरून खाली बसलो. आईला काय कळवायचं? उपकार खोटे नव्हते, हे मी आजही सांगतो. त्या पगाराचं मी खाल्लं. पण मला कामावर ठेवलं म्हणून माझ्या वहिनीला मोरीत बसवायचा हक्क कुणाला मिळत नाही. असली मोरी शिकवायचीच असेल तर फणसवाडीपासून सुरुवात करा. तिथेही मोऱ्या आहेत. तिथेही बायका आहेत.

आमच्या खोल्यांवर अजून लेख निघत असतील. निघू देत. मापं घ्यायला या. पण बूट बाहेर काढा. कोण कोण राहतं ते विचारा आणि नावानिशी छापा. भिंतीवर जे आहे ते दाखवा. आणि घरातली बाई नको म्हणाली, तर जिन्यावरूनच मागे फिरा.

नाही फिरलात, तर दारात मी आहे.