बाळंतिणीचं झाड

आमच्या वैशाखरे गावाच्या वरच्या रानात, ओढ्याच्या काठाला एक जुना बेहडा आहे. त्याच्या खोडात दोन पुरुष उंचीवर ढोली. उन्हाळा लागला की धनेशाची मादी त्या ढोलीत शिरायची, आतून दार लिंपून घ्यायची आणि चोच बाहेर काढता येईल एवढीच फट ठेवायची. पिल्लं मोठी होईपर्यंत तिचं खाणंपिणं नराच्या हाती. तो यायचा थांबला तर आत सगळ्यांचीच उपासमार.

आई मोळी घेऊन तिथून जाताना आवाज खाली घ्यायची. "वर बगू नका गो. बाळंतिणीच्या खोलीत कोन डोकावतं?" बोट दाखवायचं नाही, शीळ घालायची नाही, आणि ओढ्यावरच्या उंबराची फळं त्या दिवसांत तोडायची नाहीत, ती तिच्या वाट्याची. आमच्या घरातला देव्हारा आजोबांनी कधीचाच उतरवला होता, त्यामुळे त्या झाडाला नारळ, शेंदूर असलं काही नव्हतं. आईच्या लेखी हा देवाधर्माचा मामलाच नव्हता. दुसऱ्याच्या घरासमोरून कसं जावं, एवढीच ती रीत होती.

आई गेली. मी नोकरीपायी कल्याणला. धाकटा भाऊ गावातच राहिला आणि त्याने शनिवार-रविवारच्या जंगलफेऱ्या सुरू केल्या. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? रान पायाखालचं, बोलणं गोड, अशा माणसाने हे नाही करायचं तर कुणी? "ताय, एकदा येऊन तर बग," म्हणाला, म्हणून एप्रिलात गेले.

पाहुणे सात-आठ होते आणि त्यांच्या गळ्यात दुधीभोपळ्याएवढे कॅमेरे. भाऊ पुढे, मी शेपटाला. वरचं रान पानगळीने उघडं पडलेलं, पण ओढ्यात उतरलं की हिरवा गारवा. रानकोंबडा वाट ओलांडून पळाला. जांभळीवर शेकरू दिसली, लांब शेपूट सोडून निवांत बसलेली. पलीकडे भेकर हरीण भुंकलं, तर एका पाहुण्याने विचारलं, "इथे कुत्री पाळतात का?" मी पदराआड हसले. तिथपर्यंत सकाळ फार चांगली होती.

मग बेहडा आला. ढोलीसमोरच्या फांद्या छाटलेल्या होत्या. कोयत्याचे घाव अजून पांढरे होते.

"आता कसं किलियर दिसतं!" भाऊ पाहुण्यांना सांगत होता.

नर आला. चोचीत उंबर धरून समोरच्या झाडावर बसला, खाली माणसं बघितली आणि बसूनच राहिला. उडून गेला, परत आला, परत गेला. फळ चोचीतच. पाहुणे कंटाळले. कुणीतरी म्हणालं, निदान मादीची चोच तरी मिळायला हवी होती. भावाने एक काठी उचलली आणि खोडावर हलकेच ठोकली.

फटीतून चोच बाहेर आली. तिला वाटलं असेल, तो आला. खाली कॅमेरे कडकड वाजले. थोडा वेळ चोच तशीच उघडी राहिली आणि मग आत गेली.

परतीच्या वाटेवर, पाहुणे पुढे गेल्यावर, मी त्याला धरलं. "लाज नाही वाटली? आई असती तर कानाखाली वाजवली असती."

"आय नाय आता. आनि तू तरी कुठं हायस? वनवा लागतो तेवा फांद्या घेऊन मीच धावतो. कल्यानात बसून उंटावरून शेळ्या हाकू नको."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. पण वणवा विझवणाऱ्याला बाळंतिणीचं दार वाजवायचा हक्क मिळतो, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

"पावसात फांद्या फुटतील परत," तो म्हणाला.

"तोवर तिचं काय?"

"ते आमी बगतो. तू जा."

मे महिन्यात गावात लग्न होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ नवी टोळी घेऊन निघाला, तेव्हा मी न विचारताच मागे लागले. नुसतं बघायचं होतं, ती आहे का.

ढोली बंद होती. फटसुद्धा होती. माझा जीव भांड्यात पडला. मग खाली बघितलं. एरवी त्या दिवसांत झाडाखाली बियांचा, विष्ठेचा खच असायचा. जमीन अंगणासारखी स्वच्छ होती. पुन्हा वर बघितलं. मादीचं लिंपण ओबडधोबड असतं. हे चुलीसारखं गुळगुळीत होतं आणि त्यावर तीन बोटांच्या रेघा उमटल्या होत्या.

भाऊ पाहुण्यांना कुजबुजत सांगत होता, "आवाज खाली घ्या. बोट दाखवायचं नाय. आत बाळंतीन हाय. आमची आय सांगायची, दुसऱ्याच्या खोलीत डोकावू नये." हुबेहूब आईचा सूर. एका माणसाने डोक्यावरची टोपी काढली.

मी भावाजवळ गेले. "कधी?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "तू गेलीस त्याच आठवड्यात. नर यायचा थांबला. लिंपन फोडून गेली ती."

"आणि पिल्लं?"

त्याने पाहुण्यांकडे एक नजर टाकली. मग हळूच म्हणाला, "मंग लोकांना काय दाखवू, नुसतं भोक?"

माझ्या अंगाची आग आग झाली. आईने लहानपणापासून ओठांवर अडवून ठेवलेली ती शीळ मी तिथे उभी राहून घातली, चांगली लांब, रानभर घुमेल अशी. ढोलीत काही हललं नाही.

एक पाहुणी वळली आणि ओठांवर बोट ठेवून माझ्यावर रागावली, "अहो, हळू! आत बाळंतीण आहे."