आठव्या दारामागची नदी

मोठ्या भावाने मला फसवले. मी केळीचा व्यापारी आहे. घडातली एक फणी नरम निघाली तर गाडी अडवून धरतो आणि आवाजही चढवतो. मी याला गंडवले असे सांगणारा माणूस शहाद्याच्या बाजारात अजून तरी भेटलेला नाही. पण घरातल्या माणसाने मला जवळजवळ तीस वर्षे फसवले आणि ते मला यंदा कळले.

गोष्ट एका व्हिडिओ गेमची आहे. तापीकाठच्या आमच्या गावात तेव्हा टीव्हीला जोडायचा गेम एखाद-दुसऱ्या घरात होता. आमच्याकडे तो भावाने आणला. त्यातल्या एकाच कॅसेटवर आम्हा दोघांचा जीव. हातात मशाल घेतलेला एक बुटका शिपाई डावीकडून उजवीकडे किल्ल्यातून पळतो, खंदकावरून उडी मारतो, वरून पडणारे दगड चुकवतो आणि एकेक दार उघडत जातो. दारे आठ. आठव्याच्या मागे काय आहे, हे गावात कोणालाच माहीत नव्हते.

सगळे बाजूने दिसायचे, भिंतीवर काढलेल्या चित्रासारखे. त्यामुळे खेळणाऱ्याला जे दिसे तेच शेंगा फोडत बसलेल्या आईलाही दिसे. ती मान वर न करता म्हणायची, "पुढे खड्डा शे, देख." बहुतेक वेळा तिचे बरोबर असायचे.

तो गेम मध्येच ठेवून नंतर पुढे खेळता येत नसे. लाइट गेली की शिपाई परत पहिल्या दाराशी. आणि आमच्याकडे लाइट जायचीच.

मला सुरतेला फळांच्या आडतीवर कामाला पाठवायचे ठरले. निघायच्या दिवशी दुपारी भावाने ट्रॅक्टरची बॅटरी काढून घरात आणली. आमचा टीव्ही लहान, काळा-पांढरा, बॅटरीवरही चालणारा. गेमसाठी त्याने रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून वायर करून घेतली होती. आज तुला शेवट दाखवूनच पाठवतो, म्हणाला. आम्ही आळीपाळीने खेळलो. सहावे दार उघडले आणि माझ्या एसटीची वेळ झाली. मी उठेना. वडील अंगणातून ओरडायला लागले. भाऊ पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, तू निघ, याला मी पोचवतो.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सुरू झाला नाही. उसाची ट्रॉली कारखान्याकडे जायची होती, ती जागेवर उभी राहिली. वडील भावाला सगळ्या गल्लीसमोर बोलले आणि त्यांनी गेम त्याच दिवशी कोणाला तरी देऊन टाकला. हे मला फार उशिरा समजले.

सुरतेत माझे मन लागेना. दिवसभर क्रेट उचलायचे आणि वर मालकाच्या शिव्या. शिवी गिळणाऱ्यांतला मी नव्हतोच, एकदा गचांडी धरण्यापर्यंत गेले. परत येतो, असा निरोप मी घरी धाडला. तर भाऊच आला, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि ठेचा घेऊन. रिकाम्या क्रेटवर बसला. मला वाटले समजूत घालेल. त्याने आठव्या दाराचे सांगायला सुरुवात केली.

दार उघडते, आत तुरुंग. तुरुंगात शिपायाचा धाकटा भाऊ. दोघे बाहेर येतात तर समोर ही मोठी नदी. नदीत नाव. पलीकडच्या काठावर सगळे गाव गोळा झालेले, ढोल वाजतायत. धाकट्याला नावेत पुढे बसवतात.

नाव काठाला लागते का, मी विचारले.

"लागस ना. पन येळ लागस," तो म्हणाला.

मी भाकरी खाल्ली आणि राहिलो. त्या आडतीवर राहिलो म्हणून माल ओळखायला शिकलो, माणूस ओळखायला शिकलो. आज जे काही आहे ते तिथून आहे. फार खचलो की डोळे मिटून बघायचो, नाव कुठवर आली.

माझी मुलगी पुण्याला शिकते. दिवाळीला ती तळहातात मावेल असे एक यंत्र घेऊन आली. त्यात आमचा शिपाई. तिच्या वर्गातली मुलेही हे जुने गेम खेळतात आणि नवेसुद्धा मुद्दाम असे सपाट बनवले जातात, असे ती सांगत होती. मला नवल वाटले नाही. तिचे ते चहूबाजूंनी फिरणारे गेम मी पाहिले आहेत. डोके गरगरते आणि मागून कोण मारून जाईल ते कळत नाही. सपाट गेम म्हणजे माल समोर मांडून केलेला सौदा. खड्डा दिसतो, दगड दिसतो. पडलात तर तुम्ही पडलात.

आता हवे तिथे थांबून, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे खेळता येते. मुलगी म्हणाली, पप्पा, ही चीटिंग आहे. मी म्हटले, समोरचा सवलत देत असताना मी का नाकारू? बागेत गाडी भरत असताना, जेवणानंतर, असे करत मी आठव्या दाराशी आलो. तिला मुद्दाम शेजारी बसवले. आता नदी बघ, म्हटले.

नदी नव्हती. तुरुंगही नव्हता. काळ्या पडद्यावर अभिनंदनाची एक इंग्रजी ओळ आली आणि शिपाई परत पहिल्या दाराशी.

मुलगी हसली. मी गाडी काढली आणि थेट गावाला गेलो. भाऊ केळीत ठिबकची नळी जोडत होता. मी बांधावरूनच बोलायला लागलो आणि बरेच बोललो. त्याने नळी खाली ठेवून विचारले,

"तुले शेवट आवडना व्हता ना?"

"आवडना व्हता." आवडलाच होता, नाही कसे म्हणू?

"मंग खोटा कसा?" म्हणाला आणि पुन्हा नळीला लागला.

हे उत्तर नव्हे. असल्या उत्तरावर मी केळीचा घड घेत नाही. त्याचे उपकार मला मान्य आहेत. त्याच्या नावेत बसूनच मी या काठाला लागलो. पण ट्रॅक्टरपायी बोलणी त्याने खाल्ली, गेम त्याचा गेला, आणि ज्या शेवटासाठी हे सगळे केले तो त्याने स्वतः पाहिलाच नसावा. एवढे मोठे देणे मला न सांगता माझ्या अंगावर टाकायचा त्याला काय अधिकार होता?

होळीला सगळे घर गावी जमेल. ते यंत्र मी घेऊन जाणार आहे, शिपाई आठव्या दाराशी उभा करून ठेवला आहे. दार भावाने उघडायचे. पण आधी त्याने सगळ्यांसमोर मला सांगावे, त्या दुपारी मी गेल्यावर बॅटरी कितव्या दाराशी संपली?