म्हाताऱ्याचा चहा

त्या म्हाताऱ्या तांबटाचं नाव मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर ऐकू आलं नसतं. सत्तरच्या दशकात नाशकातल्या तांबट आळीत दिवसभर हंडे-घागरी ठोकण्याचा असा दणदणाट चाले, की माणसं खुणेनंच भांडायची. मात्र कोपऱ्यावरच्या ह्या म्हाताऱ्याने चहासाठी हातोडा खाली ठेवला, की अख्खी आळी थांबायची. हे मला ठाऊक नव्हतं.

इथे कुणालाच काही ऐकू जाणार नाही, अशा अकलेनं मी ऑफिसातल्या एका मुलीला मुद्दाम त्या आळीतून नेलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "माझ्याशी लग्न करशील का?"

नेमका तेव्हाच म्हाताऱ्यानं हातोडा खाली ठेवला. सगळी आळी वळून बघायला लागली. ती मुलगी घागरीसारखी तांबडीलाल. म्हाताऱ्यानं ओठाशी नेलेली बशी तशीच धरली.

"पोरी, काय ते आत्ताच सांग. चहा संपला की ह्याला काही ऐकू यायचं नाही."

"हो," ती म्हणाली.

ती आळी आता गेली. तिथे प्लॅस्टिकच्या बादल्या मिळतात. बायको मात्र अजून ऐकवते, "त्या बाबांचा चहा गार होत होता, म्हणून हो म्हटलं!"