आधी तोंड दाखवायचं

गोठ्यात शिरलं की मामा म्हशीसमोर चार हात अंतरावर उभे राहत, टोपी काढत आणि म्हणत, "आधी तोंड दाखवायचं, मग हात लावायचा." म्हैस त्यांना सावकाश न्याहाळून घेई. मी, नुकताच नोकरीला लागलेला जनावरांचा डॉक्टर, इंजेक्शन भरून ताटकळत असे. मामा आमच्या संगमनेरकडच्या दवाखान्यातले मलमपट्टी करणारे ड्रेसर. पदवी माझी होती, पण गोठ्यात चालायचं त्यांचं. मला याचा राग यायचा, हे कबूल करतो.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याची उभी नोकरी एका वाक्यावर निभावली.

एका रविवारी मामा चर्चमधून थेट माझ्याकडे आले. त्यांच्या शेजारच्या बाईंच्या एमूच्या गळ्यात तारेचा फास बसला होता. शहामृगासारख्या या पक्ष्यांचा धंदा बुडाल्यावर लोकांनी ते वाऱ्यावर सोडले. बाईंनी मात्र एक एमू मादी आपल्या म्हशींशेजारी जाळीच्या कुंपणात ठेवून घेतली होती. आता दोन दिवस तिला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं.

"म्हशी आवरल्या जल्मभर. हिला तर दोनच पाय हायेत," मामा म्हणाले. जाळीत शिरले, टोपी काढली आणि समोर जाऊन उभे राहिले.

म्हशीची लाथ बसते ती मागे, नाहीतर बाजूला. एमू मारते थेट पुढे. मामांची मांडी नखानं फाटली. मी त्यांना ओढून बाहेर काढलं, टॉवेल आवळून बांधला. टॉवेल भराभर लाल होत होता. बाईंनी टेम्पोवाल्याला फोन लावला.

मामा जाळीला टेकून बसले होते, पण लक्ष पक्ष्याच्या गळ्याकडे. ती चोच उघडायची आणि तशीच मिटायची.

"टेम्पो येईस्तवर ही ऱ्हात न्हाई. ही म्होरनं मारती, तवा तुमी मागनं जा," ते म्हणाले. "मी हितनं तोंड दाखवतो."

मी मागच्या बाजूनं जाळीत शिरलो. मामांनी टोपी घातली आणि पुन्हा काढली. मादी मान वाकवून बघत त्यांच्यासमोर आली. मी मागून तिला पंखांपाशी मिठी मारली. तिच्या लाथा जाळीवर, मामांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर बसू लागल्या. मामा हलले नाहीत. त्यांनी खिशातली पक्कड काढून जाळीतून आत घातली. पहिल्यांदा ती निसटली. दुसऱ्यांदा तार तुटली.

टेम्पोत चढवताना त्यांचा हात गार पडला होता. "लई भ्यालो हुतो," ते म्हणाले. "तुमाला लागंल म्हनून."

त्यानंतर मामा दोन वर्षं लंगडत कामावर आले. गेल्या वर्षी ते वारले.

आता लाथाळ म्हशीच्या मागे उभं राहिलो की मी सवयीनं गव्हाणीकडे बघतो. तिथे टोपी काढून कुणी उभं नसतं. मला त्यांची फार आठवण येते. मग मीच पुढे जातो आणि म्हशीला तोंड दाखवून येतो.