एक्केचाळीस जांभळे गणपती

एका विनोदी मालिकेतली खोटी बातमी खरी मानून मी एक्केचाळीस गणपतींना वांग्याच्या रंगाचं पितांबर नेसवलं होतं.

नातवंडं विचारतात, "आजी, तेव्हा तू लहान होतीस का गं?" लहान कसली! चाळिशी उलटलेली, दोन मुलांची आई, चष्मासुद्धा लागलेला. फक्त अक्कल तेवढी यायची राहिली होती.

आमचा पेणजवळ हमरापूरला गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांब पडवी. श्रावणात तिथं पांढऱ्या मूर्ती रांगेनं बसलेल्या असायच्या, कुणीतरी हाक मारील म्हणून वाट बघत असल्यासारख्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, डोळ्यांची आखणी स्वतःच करायचे. तो बारीक ब्रश दुसऱ्या कुणी हातात घ्यायचा नाही. डोळे आखले की माती बघायला लागते, असं ते म्हणायचे. मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून मला तो ब्रश हवा होता. मिळालं काय? पितांबरं! बावीस वर्षं मी पितांबरंच रंगवत होते, आणि तीही पिवळी. आमच्या कारखान्यात दुसरा रंग चालतच नसे.

त्या वर्षी मामंजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ऐन हंगामात आलं. पनवेलला निघताना पायरीवर थांबून म्हणाले,

"सूनबाई, रोह्याच्या एक्केचाळीस मूर्ती तुझ्यावर. पितांबरं नीट झाली तर यंदा डोळे तू आखायचेस. नायतर शेजारच्या कारखान्यातला पेंटर बोलवतो."

मी नुसती मान डोलावली. (आतून नाचत होते!) रोहा म्हणजे माझं माहेर. आमच्या आळीच्या मूर्तींची ऑर्डर दरवर्षी माझा दादा गोळा करून सांगायचा. म्हणजे आळीतल्या एक्केचाळीस देव्हाऱ्यांत माझ्या हातचे डोळे! आता चूक करायला जागाच नव्हती. जागा मी स्वतः तयार केली.

रंगांच्या डब्यांमध्ये आमचा छोटा टीव्ही असायचा. दुपारी त्यावर एक मालिका लागायची, एका बातम्यांच्या वाहिनीच्या ऑफिसातली. तीन साहेब आणि खुर्ची एकच. मीटिंग कशावर घ्यायची हे ठरवायला मीटिंग. बातमी सापडत नाही म्हणून ती शोधायला समिती, आणि समिती चहाला गेलेली. वरून कोट-टाय घातलेला निवेदक टेबलाखाली लुंगीत असायचा. हे सगळं मला माहीत होतं, असं आज छातीठोक सांगते. पण त्या दुपारी पत्र्यावर पाऊस संथ लागला होता, पंखा एका तालात कुरकुरत होता, ओल्या शाडूचा वास पडवीभर पसरला होता, आणि माझा डोळा लागला.

झोपेत मी त्या ऑफिसात गेले. लांब टेबलाभोवती माझे एक्केचाळीस गणपती बसले होते, पांढरेशुभ्र, डोळ्यांवाचून. साहेब विचारत होते, "कुणाला काही दिसतंय का?" आणि गणपती एकमेकांकडे सोंडा वळवत होते. मी चहा वाटत होते. तिथं इतकं निवांत वाटत होतं की नोकरीच धरावी म्हणत होते, तेवढ्यात जाग आली. समोर निवेदक गंभीर चेहऱ्यानं सांगत होता,

"यंदा संपूर्ण महाराष्ट्रातल्या भाविकांची पसंती जांभळ्या पितांबराला!"

मागं माणसं हसत होती. (मला वाटलं, रंग ऐकून खूष झाली.)

मी ताडकन उठले. अख्खा महाराष्ट्र जांभळा झाला आणि आम्ही इथं पिवळ्यात बसलोय! घरी विचारायला कोण? धाकटी जाऊ सुमन माहेरी वडखळला गेलेली. हे कंपनीतून पहिली शिफ्ट करून आले, त्यांना सांगितलं.

"कुणी सांगितलं?"

"बातम्यांत सांगितलं."

"मग आसंल," म्हणाले आणि जेवायला बसले. आमच्या घरातली चर्चा एवढीच असते.

दादाला फोन लावला. "दादा, यंदा जांभळं पितांबर हाय. सगळीकडं तेच."

"जांभळं? पेणहून निरोप म्हणजे झालंच की गो! आळीत सांगतो."

निळ्यात तांबडा ओतून मी जांभळा बनवला. तो आला भरताच्या वांग्यासारखा. तरी मी तीन दिवस मान वर न करता एक्केचाळीसच्या एक्केचाळीस रंगवल्या. संध्याकाळच्या उजेडात त्या रांगेकडं बघताना मला वाटायचं, आपण ढगांच्या गावात आलोय. इतकी खूष मी माझ्या लग्नातही नव्हते.

रविवारी सुमन परतली. पडवीत पाऊल टाकलं आणि तिथंच थांबली.

"ताई, ह्यांना काय झालंय?"

मी तिला अडाण्याला समजवावं तसं समजावलं. सुमन खाली बसली. आधी मला वाटलं रडतेय. मग कळलं, हसतेय.

"अवो ताई, ती मालिकेतली बातमी! स्टुडिओत चुकून जांभळा पडदा आला, तो परत करायला सात सह्या लागत होत्या. म्हणून साहेब म्हणाले, पडदा ऱ्हाऊद्या, बातमी बदला!"

त्यांनी पडदा वाचवला होता आणि मी देव बुडवले होते.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. मामंजी! काळा चष्मा लावून ते थेट पडवीत आले. रांगेसमोर उभे राहिले. चष्मा वर केला. खाली केला. परत वर केला. मग खांबाला धरून हळूच म्हणाले,

"सुमन... माझा डोळा गेला गो. डॉक्टरनी बिघडवला. मला सगळं जांभळं दिसतंय."

सुमननं माझ्याकडं बघितलं. खरं सांगते, क्षणभर मनात आलं, गप्प बसावं! दोन दिवसांत मूर्ती पुसून पिवळ्या करू, मामंजींना वाटेल डोळा सुधारला. पण त्यांनी खांब सोडला नव्हता. ज्या डोळ्यांनी चाळीस वर्षं देवाला नजर दिली, ते गेले असं समजून ते उभे होते.

"मामंजी, डोळा बरा हाय तुमचा," मी म्हटलं. "जांभळंच हाय ते. मीच रंगवलंय."

"का?"

"टीव्हीवर सांगितलं."

त्यांनी चष्मा खाली केला. मग एवढंच म्हणाले, "पिवळं कर."

सांगायला सोपं! जांभळ्यावर पिवळा दिला तर शेवाळ उगवलं. मग आधी पांढरा हात, तो वाळवायचा, मग पिवळा. श्रावणाच्या ओल्या हवेत वाळणार काय? सुमनच्या लग्नातला केस वाळवायचा ड्रायर काढला. दोन दिवस आम्ही दोघी जावा देवांना वारा घालत होतो. वीस मूर्ती पिवळ्या झाल्या आणि दादाचा फोन आला.

"आळी तयार हाय गो! मखरं जांभळी, पडदे जांभळे, बायकांनी साड्यासुद्धा जांभळ्या घेतल्या. तुझी वहिनी तर कोलाडपर्यंत जाऊन आली, रोह्यात जांभळा संपला म्हणून!"

"दादा, जरा चूक झाली. पिवळे पाठवते."

"पिवळे? मग तू माहेरी येऊ नको!"

मामंजींनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "अरे, पितांबर पिवळंच असतं!"

पलीकडून दादाचा आवाज मलाही ऐकू आला. "व्हय काका, पण गणपतीत पेणचा शब्द शेवटचा, हे इतकी वर्षं तुम्हीच आम्हाला सांगताय ना?"

मामंजींनी रिसीव्हर जपून खाली ठेवला. आम्ही वीस पिवळे गणपती परत जांभळे केले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे वाळले. एक्केचाळीस वांगी ओळीनं, अजून डोळ्यांवाचून. पेंटर बोलावतील म्हणून मी भांडी घासायच्या निमित्तानं आत निघाले होते. मामंजींनी हाक मारली. बारीक ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाले,

"डोळे तूच आख गो. माझे चष्म्यात, तुझे झोपेत. निदान गणपतीचे तरी उघडे ऱ्हाऊदेत."