न टोचणारी कॉलर

गल्लीत तिला सगळे मॅडम म्हणायचे. पदवी मिळाली त्या दिवशी कोपऱ्यावरच्या न्हाव्याने थट्टेत म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. सुरुवातीला तिला गंमत वाटली. पुढे मात्र कुणी "काय मॅडम, लागलं का काही?" असं विचारलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची. अरे, लागलं असतं तर सांगितलं नसतं का? नोकरी काय लपून राहते? चपला झिजवून झाल्या, ओळखी काढून झाल्या, "कळवतो" ऐकून ऐकून कान किटले. आता तर तिला सकाळी उठायचाच कंटाळा यायचा.

घरात दोघंच, ती आणि तिचे बाबा. बाबा शिंपी. ठेकेदाराकडून कापडाचं गाठोडं यायचं, बाबा बेतायचे, शिवायचे, गाठोडं परत जायचं. कपडे कुणाच्या अंगावर चढणार हे ठेकेदार काही केल्या सांगायचा नाही. शिंप्याने परस्पर गिऱ्हाईक गाठलं तर त्याची दलाली बुडेल ना! कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात जात असतील, असं बाबांनी धरून ठेवलं होतं. या धंद्यात एक रीत होती, नीट बेतून जे कापड वाचेल ते शिंप्याचं. ठेकेदार काणाडोळा करायचा. पण वरून कुणी विचारलंच, तर तो हात झटकून मोकळा आणि शिंप्याचं काम बंद. पलीकडच्या गल्लीत एकाचं तसं झालंही होतं.

बाबांचा एकच हट्ट, मुलीने सुईला हात लावायचा नाही. "मी मान मोडली ती तूही मोडावीस म्हणून नाही," म्हणायचे. तिचं साधं बटण तुटलं तरी तिच्या हातातून काढून घ्यायचे.

मोठ्या कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी गाठोड्यांतून वाचवून साठवलेले राखाडी-हिरव्या कापडाचे तुकडे काढले आणि हात बसलेल्या नेहमीच्याच बेताने, जोड कुठे आहे ते कळणारही नाही असं जाकीट शिवलं. मॅडमने आरशात पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी तिला वाटलं, या वेळी होईल.

कंपनीच्या दारातून ती आत शिरली आणि जागीच थबकली. समोर फरशी पुसणारी बाई अगदी तसंच जाकीट घालून उभी! तोच रंग, तीच वीण. जिन्यावर कठडे पुसणारी दुसरी, तीही तशीच.

"नवीन का गं?" फरशीवालीने विचारलं. मग जवळ येऊन तिने कॉलरला हात लावला. "अगंबाई, तुझी कशी छान बसलीय! माझी मेली सारखी टोचते."

मॅडमला हसावं की रडावं कळेना. जाकीट काढून टाकावं, तर आतला सदरा खांद्यावर विटलेला. तो झाकायलाच तर जाकीट. ती खुर्चीवर टेकते न टेकते तोच एक साहेब घाईघाईने आले. "बाई, बसताय काय? आत पाण्याचे ग्लास ठेवा."

तिने तोंड उघडलं. पण सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सगळं सांगायला हवं, आणि तेवढं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने ग्लास नेऊन ठेवले.

थोड्या वेळाने तिचं नाव पुकारलं. ती आत गेली तर मघाचेच साहेब टेबलामागे. "आत्ता नको, मुलाखती चालल्यात," ते धड वर न बघता म्हणाले.

"मी मुलाखतीलाच आलेय."

साहेब ओशाळले. त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईंनी सांभाळून घेतलं, प्रश्न विचारले. मॅडमने उत्तरं दिली, आणि चांगली दिली. बाईंची मान डोलायला लागली. कधीपासून येऊ शकाल, असंही त्यांनी विचारलं. तेवढ्यात साहेबांची नजर पुन्हा जाकिटावर गेली.

"हे कापड कुठून मिळालं तुम्हाला?"

"बाजारातून."

"बाजारात नाही मिळत हे. आम्ही खास विणून घेतो."

खरं सांगावं, तर साहेब ठेकेदाराला फोन लावणार, ठेकेदार हात झटकणार आणि बाबांचं मशीन बंद पडणार. "बाजारातूनच घेतलं," ती पुन्हा म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटली. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "बरं. कळवतो आम्ही."

घरी नवं गाठोडं येऊन पडलं होतं. तोच रंग. बाबा मशीनवर वाकलेले.

"कशी झाली?"

"झाली. कळवतो म्हणाले."

"आणि जाकीट?"

त्यांचा चेहरा बघून तिला राहवेना. निदान एक तरी चांगली गोष्ट सांगावी. "जाकिटाचं कौतुक झालं बाबा. एक बाई म्हणाली, तुझी कॉलर कशी छान बसलीय, माझी सारखी टोचते."

"टोचणारच!" बाबा खुशीत म्हणाले. "ठेकेदार आत घालायला ते कडक कापड देतो ना. तुझ्या कॉलरला मी आपल्या जुन्या चादरीचा मऊ तुकडा..."

मशीनवरचा त्यांचा पाय जागच्या जागी थांबला. त्यांनी मांडीवरच्या जाकिटाकडे पाहिलं, मग तिच्या अंगावरच्या.

"कोण होती ती बाई?"

"फरशी पुसत होती."

"काय करून बसलो गं मी हे!" बाबांचा आवाज फुटला. "अगं, मग सांगायचं तरी, बापाने शिवलंय म्हणून!"

"सांगितलं असतं तर हे गाठोडं परत गेलं असतं."

बाबांनी मांडीवरचं जाकीट बाजूला ठेवलं. मॅडम त्यांच्याशेजारी खाली बसली. तिला फार थकवा आला होता. तिने शिवून झालेलं एक जाकीट पुढे ओढलं. "बटणं द्या. मी लावते."

सवयीने ते काढून घ्यायला बाबांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी सुईत दोरा ओवला आणि सुई तिच्या हातात दिली.

"हे एवढंच गाठोडं हं," ते म्हणाले.

"एवढंच," ती म्हणाली आणि पहिलं बटण लावायला घेतलं.